पांढरं मूळ

खेचरवाला दारात येऊन थांबला, तेव्हा शाल्मलीच्या हातातल्या रोपाचं मूळ तपकिरी पडलेलं होतं. चिमटीत धरताच त्याची साल मोज्यासारखी निघून आली.

"मूळकूज आहे, हेरंब. ही रोपं वर न्यायची नाहीत."

हेरंबने, तिच्या नवऱ्याने, सात वर्षं खपून हिमालयातल्या लाहौलच्या या रोपवाटिकेत निळी पॉपी वाढवली होती. वरच्या कुरणात ती आता जेमतेम उरली होती. आज तिथे लागवड व्हायची होती.

"एका रोपावरून सांगतेस? सहा महिने बर्फाखाली जगणारं झाड आहे हे!"

"बर्फ निदान दिसतो. ही बुरशी आतून खाते आणि पानांना पत्ताही लागू देत नाही. अमरावतीला संत्र्याच्या बागा अशाच गेलेल्या पाहिल्यात मी. पाऊस पडला की पाण्याबरोबर अख्ख्या कुरणात पसरेल."

हेरंबने रागारागाने सगळ्यांत जोमदार रोप उपटलं. कळी उमलायला आली होती, मूळ पांढरंशुभ्र होतं. "बघ!" त्याचा आवाज चढला.

शाल्मलीने चाकूने ते मूळ उभं चिरलं. मधोमध एक बारीक तपकिरी रेघ होती.

त्याने ती रेघ अंगठ्याने घासून पाहिली. मग त्याने खेचरवाल्याला हातानेच परत जायला सांगितलं.

"रॉकेल आण. सगळी रोपं जाळून टाकू," तो तिला म्हणाला.

हेच तर तिला हवं होतं. पण तिचे पाय जागचे हलेनात. शेवटी तिच्या खांद्यावर क्षणभर हात टेकवून तोच आत गेला.