धवल्यातली विहीर

ठाण्याच्या पोटात मेट्रोचं भुयार खणताना तुम्ही भुयारवाल्यांनी गावठाणातल्या विहिरीचे झरे तोडलेत आणि काम अर्ध्यात टाकून पळालात. नातीच्या हळदीचं पाणी भरायला भागीरथी धवलारीण वाजतगाजत त्याच विहिरीवर आली. आगऱ्यांच्या लग्नांत जन्मभर तिनंच धवले गायलेले. सुनेनं सोडलेली कळशी ठणकन खडकावर आपटली. "सोर गो, अजून रशी सोर!" "आये, पानीच नाय." पाणी पलीकडे मेट्रोच्या कुंपणाच्या पत्र्यामागे, बेवारस भुयारात डास पोसत होतं. शेवटी मुलानं विकतच्या पाण्याचा जार कळशीत उपडा केला. "गा ना आता, नवरी खोळंबलीय!" बायका म्हणाल्या. धवल्यात आधी विहिरीला हाक मारायची असते. भागीरथीनं कोरड्या विहिरीत डोकावलं. ती पत्र्याकडे वळली. तिकडं ऐकायला कुत्रंही नव्हतं, तरी ती ओरडली, "आरं भुयारवाल्यांनो, इहीर मारलीत, आता मी कुनाला हाक मारू? सांगा!"