नेलपॉलिशची रेघ

"ऑइल बदललं?" सरांनी विचारलं.

"बदललं म्हणजे काय, सर, कधीच!" सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर म्हणाला. नवी मोटरसायकल धुऊनपुसून लखलखत होती. पण सर गुडघे टेकून इंजिनाखाली वाकले. सकाळी त्यांनी ऑइलच्या बोल्टवरून थेट इंजिनापर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची रेघ मारली होती. ती अखंड होती. बोल्ट कुणी फिरवलाच नव्हता.

"मग हे काय?"

सुपरवायझरने मेकॅनिकला बोलावून झापलं. "गाढवा, सरांनी खूण केलेली दिसली नाही तुला?" मेकॅनिकने ओशाळून थिनरचा बोळा फिरवला आणि खूण पुसून टाकली. "घ्या सर. आता तक्रार नाही ना?"

दुसरं अधिकृत सर्व्हिस सेंटर नव्वद किलोमीटरवर होतं आणि बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला की वॉरंटी संपत होती. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. "आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल, सर?"

सुपरवायझर चावी बोटावर फिरवत समोर उभा होता. "दहावीच्या तोंडीला तुम्ही मला दहापैकी तीन दिले होते, सर," तो हळूच म्हणाला.

तीस वर्षांच्या मास्तरकीत सरांनी कुणालाच पैकीच्या पैकी दिले नव्हते.

"दहा," सर म्हणाले.