एक्केचाळिसावा फोन

फोनवरून चालणाऱ्या कृत्रिम हृदयांचं नवं अपडेट आलं होतं. फळीवर केबलला जोडलेल्या एक्केचाळीस फोनवर त्याची चाचणी आपोआप चालू होती. चाळीस हिरवे झाले. सगळ्यात जुना मात्र लाल.

“शाल्मलीताई, असला डबा आता कोण वापरतं? सगळ्यांसाठी सोडा अपडेट,” साहेब वैतागले.

“तीनशे माणसं वापरतात. नाही सोडणार!”

दोन दिवस खपून तिने चूक शोधून दुरुस्त केली. तोही हिरवा झाला.

इथे चाचणीला कृत्रिम हृदयाचीच माणसं नेमत, आणि नवं अपडेट पहिलं त्यांच्याच छातीत जाई. शाल्मलीने पर्समधून आपला फोन काढला. तसलाच डबा!

तिने बटण दाबलं. हृदय क्षणभर थांबलं आणि पुन्हा दणक्यात सुरू झालं.

“आता सोडा,” ती ताठ मानेने म्हणाली.