सरकारी तंबूतला चहा

माझी सून सुकैना सरकारी महोत्सवात जाऊन बसली आणि लायून शहरभर माझं नाक कापलं. गेल्या साली आमचा गच्चीवरचा तंबू मोरोक्कोच्या पोलिसांनी फाडून नेला. का, तर आम्ही सहारावींनी, वाळवंटातल्या लोकांनी, आपला तंबू ठोकायचा नाही. आता टीव्हीसाठी त्यांनीच तंबू ठोकला आणि राजधानी राबातहून आलेल्या मंत्र्याला चहा द्यायला हिला बसवलं. जाताना म्हणाली, "आई, शिव्या नंतर घाला, आधी टीव्ही बघा."

बघणार नव्हते. पण पाय ठरेनात, चार वेळा टीव्हीपुढे आले. निवेदक सांगत होता, "बघा, आमच्या राज्यात सगळे किती सुखात आहेत." मंत्र्याने पहिला पेला संपवला. सुकैनाने हसत हसत निखाऱ्यांवर राख लोटली आणि पेले उपडे घातले.

आमच्यात पाहुण्याला तीन पेले पाजल्याशिवाय उठू देत नाहीत. एकावरच आवरलं, म्हणजे चालता हो. मंत्री मान डोलावत उठला. गल्लीत घराघरातून बायका हसल्या.

त्याला कुणी अर्थ सांगितला तर? ती दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"हसलीस जरा जास्तच," मी म्हटलं. "चहा ठेव. मला तिन्ही पेले हवेत."