आवाज येतो, चित्र येत नाही

आवाज खणखणीत येत होता आणि पडदा काळाठिक्कर. कॉम्प्युटरवाल्याने मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. या आठवड्यातलं हे सातवं घर. त्या मेल्या व्हिडिओ प्लेअरचं नवीन अपडेट आलं काय आणि अख्ख्या गावाचे व्हिडिओ आंधळे झाले काय!

"आठ दिवस झाले," बाई म्हणाली. "प्लेअर आपोआप बदलला आणि तेव्हापासून हे असं. बाकी सगळं दिसतं हो. नेमका हाच दिसत नाही."

"जुन्या फोनवर काढलेला असणार."

"बारा वर्षं झाली."

"मग तेच. नव्या प्लेअरला जुन्या फायली पचत नाहीत. काळजी करू नका ताई, काढू काहीतरी तोड."

समोर पलंगावर तिचा नवरा होता. दीड वर्षापूर्वी लकव्याचा मोठा झटका आला आणि तेव्हापासून हात नाही, पाय नाही, वाचा नाही. डोळे तेवढे जिवंत. पण अंथरूण कसं पांढरंशुभ्र, दाढी केलेली, नखं कापलेली. मानेच्या दोन्ही बाजूंना उशा लावून तोंड बरोबर टीव्हीकडे केलेलं. किती करते बिचारी, असं कॉम्प्युटरवाल्याच्या मनात आलं. त्याचे वडीलही असेच तीन वर्षं पडून होते. घरात कुणाला वेळ नव्हता, छताकडे बघत बघत गेले. ते त्याच्या मनाला अजून लागून होतं.

"दिवसभर बघतात?" त्याने विचारलं.

"सकाळी नऊपासून. मी पलीकडे शिलाई मशीनवर असते, पण कान इकडेच."

"आणि हा एकच व्हिडिओ?"

"एकच. दुसरं काही लावतच नाही मी. आठ दिवस बंद आहे, तर नुसते ढाराढूर झोपतात. खातात काय, झोपतात काय! असं बघवत नाही हो मला."

"बरोबर आहे. माणसाला जगायला काहीतरी आधार लागतो," तो म्हणाला आणि कामाला लागला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. टीव्हीची वायर बदलली. सेटिंगमध्ये शिरून दोन-चार गोष्टी उलटसुलट करून पाहिल्या, तर पडद्यावर हिरवे पट्टे नाचायला लागले. हरे राम! आवाज मात्र चालूच. पाणी उडत होतं, छोटी पोर खिदळत होती. "बाबा, इकडे बघा ना!" ती ओरडली. "बघतोय, बघतोय! अजून पुढे जा. भित्री कुठली!" बाबा हसत होते.

कॉम्प्युटरवालाही हसला. "पोरगी भलतीच धीट दिसते."

"सात वर्षांची आहे त्यात."

"म्हणजे आता एकोणीस. कुठे असते?"

"लांब असते."

"परदेशात शिकायला ना? आता सगळ्यांची पोरं तिकडेच पळतात. आईबापांनी मग व्हिडिओच बघायचे."

बाईने नवऱ्याच्या सदऱ्यावरचा एक धागा उचलला. "चहा टाकू का?" तिने विचारलं.

चहा होईपर्यंत त्याने नवा प्लेअर पार उपटून काढला आणि आपल्या पेनड्राइव्हमधला जुना बसवला. फाइल उघडली. चित्र लख्ख आलं. तळं, ऊन, पोहण्याच्या लाल कपड्यांतली पोर. दुसऱ्याच्या घरच्या व्हिडिओत डोकं खुपसायचं नाही, हा त्याचा नियम. पहिलं अर्धं मिनिट चाललं की झालं. त्याने नजर वळवली.

पलंगावरच्या माणसाच्या घशातून घरघर आवाज निघाला. छाती जोरात वरखाली व्हायला लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"ओळखलं हो, ओळखलं लेकीला!" कॉम्प्युटरवाला जवळजवळ ओरडलाच. त्या धापेच्या हादऱ्यांनी एक उशी घसरली आणि त्या माणसाची मान भिंतीकडे वळली, तेव्हा हा स्वतः धावला. मान हलकेच सरळ करून त्याने उशी पुन्हा घट्ट खोचली. "बघा दादा, आता पोटभर बघा."

बाई चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून तिचा चेहरा खुलला. "पूर्वी संपला की आपोआप परत सुरू व्हायचा," ती म्हणाली. "तेवढं होईल का? माझे हात कामात असतात."

"न होऊन सांगतंय कुणाला!" आता त्याला चेव चढला होता. त्याने तेही केलं, शिवाय पुढची सगळी अपडेट्सही बंद करून टाकली. "आता आभाळ कोसळलं तरी हा थांबायचा नाही ताई."

"उपकार झाले तुमचे."

एकदा खात्री करावी म्हणून त्याने व्हिडिओ ओढून शेवटाजवळ नेला.

तळ्याच्या मधोमध दोन छोटे हात तेवढे पाण्याबाहेर दिसत होते. "नाटकं पुरे हं!" बाबा कॅमेऱ्यामागून हसत म्हणाले. हात खाली गेले, पुन्हा वर आले, पुन्हा गेले. बाबा खो-खो हसले. मग हात आलेच नाहीत, तरी हसणं थांबायला बराच वेळ लागला. पडदा क्षणभर काळा झाला आणि व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. पोर काठावरून पाण्याकडे धावत निघाली. कॉम्प्युटरवाल्याचा हात माऊसवरच राहिला. बाईने रिमोट घेऊन आवाज थोडा वाढवला.

"त्या दिवशी ह्यांनी हसत हसत बघितलं," ती म्हणाली. "आता नीट बघू देत."