खाणीतले रविवार

"छिन्नी इतक्यात नको, ताई. आधी खाली पडलेलं वेचा. भिंत काही पळून जात नाही."

सर पडीक खाणीच्या काठावर उभे होते. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस पाठीच्या दुखण्यामुळे कधी खाली वाकत नसे. फाटकाचे कुलूप ते उघडत. शाळेच्या सहलींपासून किल्ली त्यांच्याकडेच होती. त्यांच्या हातात एक वही असे. खाली उतरायचे ते शिवणकाम करणाऱ्या ताईने.

'आपल्या परिसरातले जीवाश्म शोधूया' अशी त्यांची चिठ्ठी वाचनालयाच्या फळ्यावर लागली होती. पहिल्या रविवारी सहा जण आले. तिसऱ्या रविवारी ती एकटी उरली.

ती शिकत गेली. ऊन तिरपे असताना शोधायचे, कारण सावली नक्षीला उठाव देते. विस्कटलेल्या दगडांत एखादी रेषा फार नीटस दिसली, तर तिथे थांबायचे. तिथे कधीतरी कोणी जगलेले असते. पाच पाकळ्यांची खूण असलेला गोळा, शिंपल्याची पंख्यासारखी घडी, नखाएवढा शंख. एका नाहीशा झालेल्या समुद्राची ही चिल्लर ती ओंजळीत धरी, आणि नवरा गेल्यापासून मुका झालेला तिचा रविवार हलकेच बोलू लागे.

उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून ती प्रत्येकीवर दोऱ्याने क्रमांक काढी. ठिकाण मात्र सरांच्या वहीतच राही.

"पिशवीवर जागा लिहाल, तर उद्या अर्धं गाव कुदळी घेऊन येईल," सर म्हणत. "फोटोही नकोत. आणि एक कपचीसुद्धा मागे ठेवायची नाही. राहिलेलं चोरांचं होतं."

घरी नणंद कपाळावर हात मारून घेई. "वहिनी, नवरा गेल्यावर बायका देव धरतात. तुम्ही दगड धरलेत."

"दोघेही बोलत नाहीत, वन्सं. दगड निदान वर्षानुवर्षं होते तिथे सापडतात."

"सापडू देत. माझ्या पलंगाखाली नकोत म्हणजे झालं!"

वर्ष सरत आले तेव्हा फाटकावर एक कागद चिकटला. खाण भराव घालून बुजवायची, वर घरे बांधायची. आक्षेप असल्यास सुनावणीला यावे. अर्जाचा क्रमांक होता, तारीख होती, नाव नव्हते.

"कोण असेल हो मालक?" तिने विचारले.

"असतो कोणीतरी," सर म्हणाले.

"पण भिंतीतला मोठा शंख पाहिला, तर सरकारी माणसं भराव घालूच देणार नाहीत. हो ना?"

हातभर रुंदीचा, मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला तो शंख तिने सर्वांत शेवटी हेरला होता. सरांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिले.

"पाहणीला महिना आहे. दरड सैल झालीय. तोवर कोसळली तर? ताई, हातात असेल तोच पुरावा."

तीन रविवार ती छिन्नी चालवत राहिली. तिसऱ्या रविवारी शंख निघाला, पण चार तुकड्यांत. ती तिथेच बसून रडली. सरांनी वरून रुमाल टाकला आणि वहीत क्रमांक लिहिला: तीनशे बारा. भिंतीवर एक गोल, फिकट खाच उरली. पुढच्या रविवारी तिने पाहिले, तेव्हा तेवढा पापुद्राही कोणीतरी पहारीने उडवलेला होता.

"चोर," सर म्हणाले. "बघितलंत? वेळेवर काढला आपण."

सुनावणीला ती दोन पेट्या घेऊन गेली. एक नणंदेने उचलली होती, कुरकुरत का होईना.

"आमच्या लोकांनी दोन दिवस खाण धुंडाळली," अधिकारी बाई म्हणाल्या. "एक शिंपलाही मिळाला नाही."

"कसा मिळणार? सगळं आम्ही वेचलं!" तिने पेटी उघडली.

बाईंनी सांधलेला शंख दोन्ही हातांनी उचलला. क्षणभर त्या फायली विसरल्या. "सुंदर आहे. पण हा याच खाणीतला, हे कशावरून? असे शंख विकतही मिळतात."

"वहीत आहे ना! प्रत्येकाची जागा, खोली, तारीख. सरांच्या अक्षरात. वही नसेल तर हे नुसते दगड, हे मलाही कळतं."

"मग त्या सरांना आणायला हवं होतं."

"आलेत ते!" ती वळली. पहिल्या रांगेत सर बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, चष्मा पुसत. तिचा जीव भांड्यात पडला. नणंदेला कोपराने ढोसून ती कुजबुजली, "म्हटलं नव्हतं, येतील म्हणून?"

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "त्यांचंही ऐकू. पण क्रमाने. आधी अर्जदार."

शिपाई दारात गेला आणि त्याने मोठ्याने पुकारा केला, "खाण बुजवण्याचा परवाना मागणारे, जागेचे मालक, हाजिर हो!"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते उठून उभे राहिले.