डाव्या हातातला घास

लंडनमधल्या माझ्या पहिल्याच प्रदर्शनात मी काढलेलं, बाबा अमाला म्हणजे कंदाच्या पिठाचा गोळा हाताने जेवतानाचं चित्र भिंतभर लागलं होतं. ते बघताच आत्या कडाडली, "मोरेनिके, लाज नाही वाटली? बापाच्या डाव्या हातात अमालाचा घास? आपल्या योरुबा माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

चित्र मी बाबांच्या सेल्फीवरून काढलं होतं. फोनने उजव्याचं डावं केलंय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बाबा चित्रासमोर खिळून उभे होते. सगळे नातेवाईक त्यांच्याकडे बघत होते.

 

बाबांनी हळूच विचारलं, "लहानपणी तुझी आजी माझा हाच डावा हात फडक्याने बांधून मला जेवायला बसवायची. तुला कोणी सांगितलं?"